रस्त्याकडेची वाट हवी, पण आमच्या बांधावरून नको: या विरोधाकडे कसं बघावं?

सांजवारा

गेल्या आठवड्यात एका सभेला गेले होते. विषय एकच: गावांना जोडणाऱ्या रस्त्याच्या कडेने, पायी जाणारे आणि सायकलवाले दोघांनी मिळून वापरायची एक वेगळी वाट बांधायची की नाही. अडीच तास सभा चालली. बोलायला उठलेली जवळजवळ सगळी माणसं विरोधात होती, आणि त्यातली निम्मी माझ्या ओळखीची, अडीअडचणीला धावून येणारी. म्हणूनच त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आक्षेप असे होते. जमीन जाईल. अनोळखी माणसं कुंपणालगत फिरतील. कचरा पडेल, कुत्री मोकळी सोडतील. झाडं तुटतील. आपल्या फाटकासमोर कुणी पडलं तर भरपाई आपल्याच गळ्यात येईल. आणि चार-पाच जणांनी तरी विचारलं, "इथे चालतं कोण?"

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण माईक हातात आला तेव्हा शब्द फुटला नाही. इथे लिहिते. मी चालते. रोज. डांबर संपतं तिथून पुढे गवतात वीतभर रुंदीची एक पायवाट पडली आहे. ती कुणी बांधलेली नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनीच पडली आहे. मागून ट्रकचा आवाज आला की मी गवतात उतरते आणि तो जाईपर्यंत जीव मुठीत धरून उभी राहते. पावसात गवत कमरेएवढं वाढलं की उतरायलाही जागा नसते, मग डांबरावरूनच चालायचं.

रस्ते सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनचा २०११ चा एक अभ्यास मी वाचला होता. गाडी ताशी ३७ किलोमीटर वेगाने धडकली तर पादचारी दगावण्याची शक्यता साधारण १० टक्के, ६८ ला ५० टक्के, ८० ला ७५ टक्के. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर ८० हा कुणाला फार वाटत नाही. मी गवतात उतरते तेव्हा हाच आकडा डोक्यात असतो.

मला वाट हवी आहे. पण विरोध करणाऱ्यांना अडाणी किंवा स्वार्थी ठरवून ती मिळावी, असं वाटत नाही. यातले कुठले आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर काय, हे जाणकारांनी सांगावं.

बांधकरी

ताई, मी विरोधातला माणूस. तुमचा सूर बरा वाटला म्हणून लिहितो.

आमच्याकडे असाच प्रस्ताव आला होता. तो आम्हाला कळला कसा, तर सकाळी शेतावर गेलो आणि कुंपणाच्या आत लाल रंग लावलेल्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. त्याआधी कुणी येऊन विचारलं नव्हतं, नकाशा दाखवला नव्हता. ज्याला आपल्या रानात खुंटी आधी दिसते आणि निरोप नंतर मिळतो, त्याला पुढे कितीही समजावा, त्याच्या कानात शिरत नाही. माझ्याही शिरलं नाही.

सभेत माणूस कचरा आणि कुत्री म्हणतो, कारण ते चटकन बोलता येतं. पोटात असतं ते वेगळं. माझं सांगतो.

पहिलं फाटक. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की गाडी केवढी लांब होते ते बघा. आज मी रस्ता सोडून फाटकापुढच्या मोकळ्या जागेत पूर्ण आत येतो, उतरतो, फाटक उघडतो. त्याच मोकळ्या जागेतून वाट गेली तर माझी ट्रॉली एकतर वाटेवर आडवी उभी राहणार, नाहीतर तिचं मागचं चाक डांबरावर. दोन्हीत कुणाचा तरी जीव धोक्यात, आणि चूक माझी धरली जाणार.

दुसरं पाणी. रस्त्याकडेच्या चरातून एकट्या रस्त्याचं पाणी वाहत नाही, वरच्या सगळ्या रानांचं वाहतं. वाटेला जागा करायची म्हणून चर बुजवतात आणि त्यात नळ टाकतात. पहिल्या मोठ्या पावसात नळात काडीकचरा अडकतो आणि पाणी उलटं माझ्या पिकात शिरतं. नळ साफ कुणी करायचा, हे मी सभेत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "ते बघू."

तिसरं फवारणी. रस्त्यावरच्या गाड्या क्षणात निघून जातात. वाटेवर माणूस चालत असेल तर मला पंप बंद करावा लागणार, आणि वारा पडलेला असतो तो वेळ सकाळ-संध्याकाळचा. चालणारेही त्याच वेळी येतात.

यातलं एक जरी सुटलं तरी मी बोलायला बसेन. पण जमीन देशसेवा म्हणून द्या, असं कुणी म्हणू नये.

मोजपट्टी

रस्त्यांच्या आखणीचं काम बरीच वर्षं केलं आहे. बांधकरी, तुमचे तिन्ही मुद्दे खरे आहेत. पहिल्या दोनांना उत्तर आहे, फक्त ते आराखडा काढतानाच द्यावं लागतं.

आधी रुंदीबद्दल, कारण निम्मी भांडणं इथे सुरू होतात. सभेत सांगतात "तीन मीटरची वाट". खरं आहे, दोन्ही दिशांनी चालणारे आणि सायकली मावायच्या तर ३ मीटर लागतात. रस्त्यांच्या आखणीचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आश्टो या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत तेवढीच किमान रुंदी आहे, अगदी अडचणीच्या जागी २.४. इंग्लंडच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही ताशी ३०० सायकलींपर्यंत ३ मीटरच. पण डांबर आणि वाट यांच्यामध्ये किमान दीड मीटर मोकळी पट्टी लागते, नसेल तर कठडा. वाटेच्या बाहेरच्या अंगाला आणखी ६० सेंटिमीटर सपाट जागा लागते, म्हणजे सायकलवाला जरा बाजूला गेला तर थेट चरात जाणार नाही. बेरीज करा: ५.१ मीटर. आणि चर हलवायचा असेल तर तो या सगळ्याच्या पलीकडे जातो.

म्हणजे कानावर पडतात ३ मीटर आणि खुंट्या ठोकल्या जातात सहा-सात मीटरवर. माणसाला फसवल्यासारखं वाटणारच. पहिल्याच सभेत पूर्ण आडवा छेद, म्हणजे डांबरापासून कुंपणापर्यंत कशाला किती जागा हे दाखवणारं चित्र, भिंतीवर लावला, आकड्यांसह, तर रागाचं प्रमाण बरंच कमी होतं. हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि उलट झालेलंही पाहिलं आहे.

फाटकाचं उत्तर सोपं आहे. फाटक आत सरकवायचं. तुमची सर्वांत लांब गाडी वाट आणि फाटक यांच्यामध्ये मावली पाहिजे, एवढा एकच नियम. त्याचा खर्च, नवे खांब, दोन्ही बाजूंचं वळतं कुंपण हे सगळं प्रकल्पात धरायचं. शिवाय तेवढ्या तुकड्यात वाट काँक्रीटची आणि जाड करायची, कारण भरलेल्या ट्रॉलीचं चाक चालण्यासाठी केलेल्या पातळ थरावरून गेलं की दुसऱ्याच हंगामात तिथे खड्डा.

पाण्याचं उत्तर: शक्य तिथे चर बुजवूच नये. वाट चराच्या पलीकडे न्यावी, म्हणजे उघडा चर हीच रस्ता आणि वाट यांच्यामधली मोकळी पट्टी होते. त्यात जमीन जास्त जाते हे मान्य. पण उघडा चर तुंबला तर वरून दिसतो आणि फावड्याने साफ होतो. नळ तुंबलेला कळतो तो पिकात पाणी शिरल्यावर.

"ते बघू" हे उत्तर मात्र अजिबात स्वीकारू नका. देखभाल कोण करणार, वर्षातून किती वेळा, पैसे कुठून, हे लेखी मागा. कडेचं गवत कापलं नाही तर ३ मीटरची वाट वापरायला निम्मीच उरते, मग लोक पुन्हा डांबरावर येतात.

दोनचाकी

मी नियमित सायकल चालवतो आणि तरीही अशा प्रत्येक वाटेच्या बाजूने उभा राहत नाही. सायकलवाले सगळे एका बाजूला आणि शेतकरी दुसऱ्या, असं चित्र रंगवलं जातं. ते खरं नाही.

रस्त्याच्या एकाच अंगाला दोन्ही दिशांची वाट केली की त्यावरच्या निम्म्या सायकली शेजारच्या वाहतुकीच्या उलट दिशेने जात असतात. आडरस्त्यावरून बाहेर पडणारा चालक गाड्या येतात तिकडे बघतो. दुसरीकडून वाटेने येणारी सायकल त्याच्या ध्यानीमनीही नसते. मोजपट्टींनी उल्लेख केलेल्या आश्टोच्या मार्गदर्शिकेतही ही सूचना स्पष्ट आहे. फाटकं आणि आडरस्ते थोडे असतील तिथे वाट उत्तम. दर पन्नास पावलांवर फाटक असेल तर ती वाट सुरक्षित वाटते, पण असतेच असं नाही.

तिथे पक्की साइडपट्टी करा. जमीन कमी लागते, चर फारसा हलत नाही. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाचा आकडा आहे की पक्क्या साइडपट्टीमुळे रस्त्याकडेने चालणाऱ्यांचे अपघात ७१ टक्क्यांनी घटतात. त्यांनी २०१६ मध्ये लहान गावं आणि ग्रामीण भागासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली, तीत रस्त्यावरचा वेग आणि वाहतूक बघून काय निवडावं ते दिलं आहे. कमी वेग, कमी गाड्या असतील तर वेगळं काहीच बांधायची गरज नसते, वेग आवरला तरी पुरतं.

आणि एक भीती बोलून टाकतो. वाट झाली की काही चालक रस्त्यावरच्या सायकलवाल्याला "तिकडे मर" म्हणत अंगावर गाडी घालतात. वाट पुढे एक किलोमीटरवर संपते, हे त्यांना माहीतही नसतं.

मुक्ता७

दोनचाकी, तुमचं गणित बरोबर असेल. पण मला कमी दिसतं. मी गाडी चालवू शकत नाही आणि सायकलही नाही. पक्की साइडपट्टी म्हणजे माझ्या आणि ट्रकच्या मध्ये एक पांढरी पट्टी, आणि ती मला दिसत नाही. गवताची दीड मीटर जागा असेल तर पायाला कळतं की मी भरकटले.

सभेबद्दल सांगायचं तर, आमच्याकडची सभा संध्याकाळी सातला होती, चार किलोमीटरवर, त्याच रस्त्याने जाऊन. मी जाणार कशी? दुसऱ्या दिवशी कळलं की वाटेची मागणी करणारं कुणीच आलं नव्हतं, म्हणून गरज नाही असं ठरलं.

सांजवारा

मुक्ता, तुझं वाचून हात थांबले. आमच्या सभेत पायी आलेली मी एकटीच होते, आणि परत जाताना एका शेजाऱ्यांच्या गाडीतून गेले. शाळकरी मुलं नव्हती, गाडी नसलेलं कुणी नव्हतं. "इथे चालतं कोण" हा प्रश्न अशा खोलीत विचारला जातो, जिथे चालणारं कुणी पोहोचूच शकत नाही.

खुरपाणी

जनावरांच्या आजारांशी माझा रोजचा संबंध. कुत्र्यांचा आक्षेप इथे हलका धरला गेलाय, म्हणून थोडक्यात. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी पसरू शकतो. तो गवतातून, चाऱ्यातून गाईच्या पोटात गेला तर गाभ पडतो, आणि बाधित गाय तो पुढे वासराला देते. लस किंवा औषधाने हमखास सुटणारी ही गोष्ट नाही. चराऊ रानाला लागून वाट जाणार असेल तर दाट जिवंत कुंपण हवं आणि कुत्रा दोरीला बांधूनच न्यायचा, हा नियम पाळून घेणारं माणूस हवं. नुसती पाटी लावून भागत नाही. गोठेवाला कुत्र्यांवरून तावातावाने बोलत असेल तर त्याची एखादी गाय गाभडलेली असू शकते, हे ध्यानात घ्या.

पश्चिमवारा

आयर्लंडमध्ये काही वर्षं होतो. तिथे हा वाद दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी झालेला आहे.

पश्चिम किनाऱ्यावर वेस्टपोर्ट ते अचिल अशी ४२ किलोमीटरची ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे आहे. ग्रीनवे म्हणजे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठीची वेगळी वाट. जुन्या रेल्वेच्या मार्गावर, जी १९३७ मध्ये बंद पडली. दरम्यान ती जमीन शेतकऱ्यांकडे गेली होती. तिथे जमीन विकत घेतली नाही. जमीनमालकांनी येण्या-जाण्याची परवानगी दिली, मालकी त्यांचीच राहिली. २०१० मध्ये पहिला टप्पा खुला झाला, पुढच्या वर्षी पूर्ण वाट. माणसं घरोघरी जाऊन बोलली होती.

दुसरी साउथ केरी ग्रीनवे. तिथे सक्तीच्या संपादनाचा मार्ग धरला गेला. तिथल्या नियोजन मंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली, प्रकरण न्यायालयात गेलं, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आव्हान फेटाळलं. कायद्याने प्रकल्प जिंकला. पण शेतकऱ्यांच्या मनातली अढी इतकी पसरली की इतर ठिकाणच्या वाटांच्या सभांमध्येही तेच नाव निघायचं. त्याच वर्षी शेतकरी संघटनांशी बोलून देशभरासाठी एक आचारसंहिता काढावी लागली: आधी स्वेच्छेने करार करायचा प्रयत्न, जमिनीचे तुकडे पडणार नाहीत अशी आखणी, जमीनमालकाशी बोलायला ठरलेला एक माणूस.

खुंट्यांची गोष्ट वाचून हेच आठवलं. घरोघरी फिरायला वेळ नाही म्हणून जो वाचवला, तो वेळ कोर्टात गेला.

बांधकरी

पश्चिमवारा, चांगली माहिती. पण एक फरक लक्षात घ्या. ती जुनी रेल्वेची पट्टी, तिच्यावर मुळात पीक कमीच. रस्त्याकडेची जमीन म्हणजे आमच्या रानाचं तोंड असतं. तिथूनच सगळं आत-बाहेर होतं. नुसती परवानगी द्यायची म्हटली तरी उद्या माझ्या मुलाने ती मागे घेतली तर काय? आणि नाही घेता आली तर ती परवानगी कसली?

दस्तऐवज

बांधकरींचा हा प्रश्न या धाग्यातला सर्वांत टोकदार आहे. अमेरिकेत याच प्रश्नावर दोनदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८३ च्या कायद्याने बंद रेल्वेमार्ग पुढे-मागे लागतील म्हणून राखून ठेवायचे आणि तोवर वाट म्हणून वापरायचे, अशी सोय केली. व्हरमाँटमधल्या एका कुटुंबाने आव्हान दिलं. १९९० मध्ये न्यायालयाने कायदा टिकवला, पण जमीनमालकाला भरपाई मागण्याचा रस्ता खुला आहे असंही सांगितलं. २०१४ मध्ये वायोमिंगच्या खटल्यात ८ विरुद्ध १ असा निकाल थेट जमीनमालकाच्या बाजूने लागला: रेल्वेला तिथे फक्त वापराचा हक्क होता, तिने मार्ग सोडला तेव्हा तो हक्क संपला, जमीन मोकळी झाली.

मुद्दा एवढाच की "वापराचा हक्क" आणि "मालकी" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि करारात मुदत, मागे घेण्याची अट, वारसांना काय लागू हे लिहिलेलं नसेल तर पुढची पिढी भांडते. ग्रामीण रस्त्यांवर आणखी एक गुंता असतो. रस्त्याची कागदावरची हद्द अनेकदा डांबरापेक्षा बरीच रुंद असते, आणि वर्षानुवर्षं ती पट्टी शेजारच्या शेतकऱ्याने नांगरलेली, कुंपणात घेतलेली असते. त्याला वाटतं आपली जमीन चालली. कार्यालयाला वाटतं आपलीच परत घेतोय. दोघंही मनापासून खरं बोलत असतात. म्हणून मोजणी आधी, दोघांच्या समोर, आणि आराखडा नंतर.

फाटकासमोर कुणी पडलं तर काय, या भीतीबद्दल: अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत असा कायदा आहे की विनामूल्य फिरायला जागा दिली तर मालकावरची जबाबदारी बरीच मर्यादित होते. जाणूनबुजून धोका निर्माण केला तर मात्र सूट नाही. जिथे असा कायदा नाही तिथे वाट चालवणाऱ्या संस्थेने ही जबाबदारी स्वतःवर घेतल्याचं करारात लिहून घ्यावं. तोंडी आश्वासनावर सही करू नये.

चिंचपाखरू

"त्या देशांची गोष्ट वेगळी, तिथे लोकांना सवय आहे" असं नेहमी म्हटलं जातं. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांच्या चळवळीचं नावच "मुलांच्या हत्या थांबवा" असं होतं. आज दिसतात त्या वाटा त्या भांडणांनंतरच्या आहेत. तिथेही विरोध होताच.

सांजवारा

सगळ्यांचे आभार. मी सभेच्या टिपणांची वही पुन्हा काढली. ज्या आक्षेपांना मी मनातल्या मनात "कारणं सांगतायत" असं म्हटलं होतं, त्यातले तीन मी आता खोडले. कुत्र्यांचा त्यात पहिला होता. एका आक्षेपावर मात्र मी ठाम आहे: "इथे कुणी चालत नाही" हे खरं नाही, आणि गवतात पडलेली पायवाट मी कुणालाही दाखवायला तयार आहे.

दोनचाकी, आमच्या रस्त्यावर पहिल्या दीड किलोमीटरला दोनच फाटकं आहेत, पुढे मात्र घरं दाट. मोजपट्टी, अर्ध्यात वाट आणि अर्ध्यात साइडपट्टी असं करता येतं का?

मोजपट्टी

करता येतं. जिथे एक संपून दुसरं सुरू होतं ती जागा मात्र नीट बांधावी लागते, कारण चालणाऱ्याला रस्ता ओलांडायला लागणार असेल तर सगळा धोका त्या एका ठिकाणी गोळा होतो. वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर तो सांधा कधीही घेऊ नका. मुक्तासारख्यांसाठी घरांच्या भागात साइडपट्टीऐवजी उंचवट्याची पायवाट हवी, कडेचा दगड काठीला लागेल अशी.

बांधकरी

चार दिवसांनी लिहितोय. काल ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून फाटकासमोर उभी केली आणि टेप लावला. जोडगाडी ९.२ मीटर. डांबराच्या कडेपासून फाटकापर्यंत १० मीटर. मोजपट्टींच्या हिशोबाने ५.१ मीटर वाटेला गेले तर माझ्याकडे ४.९ उरतात. म्हणजे फाटक ४.३ मीटर आत घ्यावं लागेल. डाव्या अंगाला ते बसतं, उजवीकडे विहिरीचा कठडा येतो. तेव्हा फाटक थोडं डावीकडे सरकवून घ्यावं लागेल. हे सगळं कागदावर काढून कार्यालयात देऊन आलो. तिथल्या माणसाने पहिल्यांदाच नीट वाचलं.

हरकतीच्या अर्जात आधी माझे सात मुद्दे होते. चार काढले. फाटकाची मोजमापं दिली, फवारणीसाठी कुंपणालगत उंच झाडांची ओळ मागितली. पाण्याचा मुद्दा तसाच ठेवला आहे, आणि चर उघडा राहील असं लेखी मिळेपर्यंत तो मागे घेणार नाही.

ताई, तुमची ती गवतातली पायवाट माझ्याही कुंपणासमोर आहे. इतकी वर्षं मला वाटायचं ती गुरांनी पाडली.